वजन पुढं, माणूस मागं

मागच्या शनिवारी मोटारसायकलला बॅग घ्यायला नाना पेठेत गेलो होतो. बायकोची नोकरी बदलली, रोज सकाळी तिला मेट्रोच्या स्टेशनवर सोडायचं ठरलं, आणि इतकी वर्षं मागच्या सीटवर ऐसपैस बसून येणारी माझी बॅग एकदम बेघर झाली. दुकानदार तरुण होता आणि पुण्यात दुकान असूनही गिऱ्हाइकाशी हसून बोलत होता, त्यामुळे मी सुरुवातीपासूनच सावध होतो. त्याने दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा दाखवल्या, मागे बसवायचे काळे डबे दाखवले, आणि शेवटी सीटवर पट्ट्यांनी आवळायची एक बॅग काउंटरवर ठेवली.

"सर, ही घ्या. लॅपटॉप, डबा, रेनकोट, सगळं जातं. मागे लावा आणि विसरून जा."

"वजन पुढं, माणूस मागं," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"काही नाही. टाकीवर बसणारी असेल तर दाखवा."

तो आत शोधायला गेला आणि मी काउंटरपाशी ओशाळून उभा राहिलो. ते वाक्य माझं नव्हतं. मी वाशिमचा. आमच्याकडे 'पुढं' म्हणत नाहीत, 'समोर' म्हणतात. ते वाक्य किसनअण्णांचं होतं आणि चार वर्षांनी ते त्यांच्याच हेलात माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं.

किसनअण्णा आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होते. मी तिथे गणित शिकवायचो. कॉलेज वाघोलीच्या पुढे आणि आम्ही दोघंही राहायला धायरीत. ज्यांना पुणं माहीत आहे त्यांना एवढं ऐकूनच आमची कीव येईल. शहराच्या एका टोकाच्या बाहेरून निघून दुसऱ्या टोकाच्या बाहेर पोचायचं आणि मधलं सगळं पुणं रोज दोनदा ओलांडायचं. जाताना सव्वा तास, येताना नशिबात असेल तेवढा.

मी धायरीत भाड्याच्या खोलीत राहायचो. अण्णा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. बुटके, रुंद, करड्या शर्टाच्या खिशात कायम एक स्टीलची सहा इंची पट्टी, आणि कपाळावर हेल्मेटच्या फोमने पडलेली आडवी रेघ, जी रविवारीसुद्धा जात नसे. पट्टी ते कशालाही लावायचे. कॅन्टीनच्या मावशींनी एकदा पोळी लहान झाल्याची तक्रार उडवून लावली, तेव्हा अण्णांनी पोळीचा व्यास मोजून मावशींना दाखवला होता.

पहिल्यांदा ते मला भेटले धायरी फाट्यावरच्या बसस्टॉपवर. मी कॉलेजात आणि धायरीत नवीन होतो, बस येत नव्हती, आणि "वाघोलीची बस कधी येते?" या माझ्या प्रश्नाला शेजारच्या आजोबांनी "आली की दिसेल" असं उत्तर दिलं होतं. एवढ्यात एक मोटारसायकल समोर येऊन थांबली. गाडीवरच्या माणसाने माझ्या गळ्यातल्या कॉलेजच्या ओळखपत्राकडे पाहिलं, डाव्या बाजूच्या हुकला लटकवलेलं दुसरं हेल्मेट काढलं आणि काही न विचारता माझ्या हातात दिलं.

"बसा मास्तर. कालेजलाच ना?"

मी पाठीवरच्या सॅकसकट बसायला लागलो तर त्यांनी हात आडवा धरला. "ती द्या हिकडं. मधी पिशवी आली तर मानसं बोलत न्हाईत."

त्यांच्यासमोर पेट्रोलच्या टाकीवर आधीच एक भलीमोठी काळी बॅग बांधलेली होती. तिच्यावर माझी सॅक चढली. अण्णांनी दोन पट्टे ओढले, सॅकला एक चापट मारली आणि म्हणाले, "वजन पुढं, माणूस मागं."

हेल्मेट घातलं तर आत एक धुतलेला, घडी केलेला सुती रुमाल होता. त्याला साबणाचा वास येत होता. रस्त्यात उचललेल्या अनोळखी माणसाच्या डोक्यासाठी कुणी इस्त्रीचा रुमाल ठेवत असेल, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या बॅगेची हकीकत त्यांनी मला हप्त्याहप्त्याने सांगितली. आधी त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना रेक्झिनच्या बॅगा टाकल्या होत्या. उजवीकडची सायलेन्सरला टेकली आणि एके दिवशी डब्यातल्या भाकरीला प्लॅस्टिक जळाल्याचा वास लागला. शिवाय मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरेना. मग त्यांनी पत्र्याचे दोन डबे वर्कशॉपमध्ये स्वतः बनवले, रंगवले आणि बाजूंना बसवले. ते घेऊन स्वारगेटच्या गर्दीत शिरले तर एका स्कूटरवाल्या बाईंच्या गुडघ्याला डबा लागला. बाईंनी स्कूटर आडवी लावली, गॉगल कपाळावर चढवला आणि विचारलं, "काका, रुखवत पोचवायला निघालात का? मग टेम्पो करायचा."

हा किस्सा सांगताना अण्णा स्वतःच इतके हसायचे की गाडी डुलायची. तिसऱ्यांदा त्यांनी सॅक उलटी, पोटावर अडकवून पाहिली. वॉचमनने "अण्णा, नातू झाला काय?" असं विचारल्यावर तीही गेली. शेवटी ताडपत्रीचं कापड आणून, गाडीची सीट शिवणाऱ्या एका कारागिराच्या डोक्यावर बसून त्यांनी टाकीच्या मापाची ही बॅग शिवून घेतली होती. पेट्रोल भरायचं तर ती सगळी सोडावी लागे. पंपावरचा माणूस लांबूनच ओरडायचा, "काका, आधी बिऱ्हाड उतरवा."

"मागे एक डबा का बसवत नाही?" मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. सगळं जग तसंच करतं, म्हणून.

"मागं कुनी बसायचं मग?" ते म्हणाले. "सामानाचं काय, कुठंबी बसंल. माणसाला जागा लागती."

मला वाटलं, माणूस परोपकारी आहे. परोपकारी होतेच, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती कळायला मला एक रविवार लागला.

त्या रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. धायरीतला चौदा मजली टॉवर, त्यात नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. टॉवर त्यांच्याच शेतात उभा होता. तिघा भावांनी मिळून जमीन बिल्डरला दिली होती आणि प्रत्येकाला फ्लॅट मिळाले होते. धाकटे दोघे त्यांचे फ्लॅट भाड्याने देऊन बाणेरला राहायला गेले. अण्णा राहिले. बाल्कनीतून खाली बोट दाखवून म्हणाले, "हितं आमची जांभळ व्हती. पोरपनी शेंड्यापतूर चढलो तरी एवढ्या वर न्हाई आलो कधी."

घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी बंगळूरला नोकरीला, तिला बाळ झालं म्हणून अण्णांची बायको सहा महिन्यांसाठी तिकडे गेली. मग बाळाला पाळणाघर मानवेना, म्हणून आणखी सहा महिने. मग दुसरं बाळ. असं करत चार वर्षं झाली होती.

"पोरगी माहेरपनाला येती ते ऐकलं व्हतं," अण्णा म्हणाले. "आमच्यात आजीच माहेरपनाला गेली."

हसले, पण भाकरी मोडता मोडता. मग त्यांनी मला त्यांच्या दिवसाचा हिशेब सांगितला, कुणी विचारला नसताना. वर्कशॉपमध्ये दिवसभर मशिनांचा आवाज, कानात कापसाचे बोळे. मुलं येतात, लोखंडाचा जॉब घासतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि जातात. संध्याकाळी लिफ्टमध्ये दहा माणसं असतात आणि दहाही जण खाली बघतात. रात्री बायकोचा फोन येतो, तेव्हा मागे दोन्ही नातवंडं रडत असतात. "म्हंजे बघा, मी बोलतो कवा? गाडीवर. मागं कुनी आसंल तर."

जेवणाच्या सहा खुर्च्यांच्या टेबलावर त्यांची ती काळी बॅग रिकामी करून मांडलेली होती. दर रविवारी ते ती तशी उपसायचे, पुसायचे आणि पुन्हा भरायचे. मी पाहत होतो. पाना, फडकं, हवा मारायचा छोटा पंप, पाण्याची बाटली. रेनकोट दोन. हातमोजे दोन जोड. कानटोप्या दोन. धुतलेले रुमाल सहा, सोमवार ते शनिवार. निम्मी बॅग त्यांची होती आणि निम्मी मागच्या माणसाची. तो माणूस कोण असेल याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. असावा, एवढंच होतं.

माझ्या आधी बरेच जण होऊन गेले होते. लायब्ररीतला एक क्लार्क, सिक्युरिटीचा एक पोरगेला जवान, मेकॅनिकलच्या एक मॅडम. प्रत्येकजण काही महिने बसला आणि मग स्वतःची गाडी घेऊन मोकळा झाला. अण्णा हे अभिमानाने सांगत. "माझ्या शिटाचा पायगुनच हाय तसा. मागं बसला की वरसात गाडी घेतो. तुमी बी घ्याल."

"मी नाही घेणार," मी म्हणालो होतो.

हेल्मेटमध्ये मागच्याचं बोलणं ऐकू येत नाही, यावर त्यांनी पहिल्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी तोडगा काढला होता. बोलायचं त्यांनी, मी खांद्यावर थाप मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"आणि तीन?"

"तीन म्हंजे गाडी थांबवा, पोटात कळ आली."

असे आम्ही अडीच वर्षं आलो-गेलो. वडगाव, राजाराम पूल, दांडेकर पूल, स्वारगेट, कॅम्प, बंडगार्डन, येरवडा, खराडी. अण्णांच्या गप्पांची ठिकाणं ठरलेली होती. दांडेकर पुलाच्या सिग्नलला बायकोच्या फोनचा सारांश. स्वारगेटला राजकारण, कारण तिथे वेळच वेळ. कॅम्पात त्यांच्या बापाची गोष्ट. बाप सायकलवर दूध घालायचा, किटल्या हँडलला टांगायचा आणि मागच्या कॅरिअरवर पोराला बसवायचा. दूध सांडलं तर सांडलं, पण पाठीशी कुणीतरी बोलत असलं की चढ लागत नाही, असं म्हणायचा. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. प्रश्न विचारून अण्णा खांदा किंचित मागे झुकवायचे आणि गप्प व्हायचे. थापेपुरते थांबायचे. थाप पडली की पुन्हा सुरू.

आता माझा भाग सांगतो. तो सांगायला मला आवडत नाही.

दुसऱ्या वर्षानंतर मला त्या गप्पांचा कंटाळा येऊ लागला. पीएचडी अडकली होती, लग्नाचं जमत नव्हतं, वाशिमहून आईचे रोज फोन. सकाळचा तो सव्वा तास मला माझ्यासाठी हवासा वाटायला लागला. पुण्यात आठ वर्षं काढलेला, एकटा राहणारा मीसुद्धा माणसाला कंटाळलो होतो, याचं आज नवल वाटतं. मी हेल्मेटच्या आत कानात गाणी लावायला लागलो. अण्णांचा खांदा मागे झुकला की एक थाप. खांदा झुकला, थाप. ते बोलत राहिले आणि मी न ऐकता हो म्हणत राहिलो.

एक दिवस बंडगार्डनच्या पुलावर त्यांचा खांदा झुकला आणि मी नेहमीसारखी एक थाप मारली. कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, हेल्मेट काढलं, रुमालाने मान पुसली आणि ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मास्तर, मी म्हनलं, गाडी नदीत घालू का? तुमी व्हय म्हनलात."

 ते मोठ्याने हसले. माझ्या खांद्यावर एक थाप मारून वर्कशॉपकडे गेले. चिडले असते तर मी माफी मागितली असती आणि कदाचित सगळं पुन्हा सुरळीत झालं असतं. ते हसले म्हणून मीही हसण्यावारी नेलं. पुढच्याच महिन्यात मी मोटारसायकल बुक केली.

बातमी सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बॅगचं काय करनार?" आणि मग गाडी हातात आल्यावर एक अख्खा शनिवार मला घेऊन नाना पेठ पालथी घातली. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. खिशातली पट्टी काढून ते प्रत्येक बॅग मोजत होते, चेन उघडून आत कोपरापर्यंत हात घालत होते, शिवण ओढून बघत होते. एका दुकानदाराने "काका, घ्यायचंय की परीक्षा घ्यायचीय?" असं विचारलं तर म्हणाले, "पास झाला तर घिऊ." माझा लॅपटॉप, पेपरांचे गठ्ठे, डबा, सगळ्याची त्यांनी कागदावर आकृती काढून आणली होती. शेवटी टाकीवर बसणारी एक बॅग त्यांनी निवडली. मला मागे सीटवर बांधायची एक आवडली होती. तिला लावायला-काढायला सोपे पट्टे होते.

"मागं कुनी बसलं तर?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या मागे कोण बसतंय, अण्णा?"

त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "बरं हाय. सोयीचं हाय," म्हणाले. येताना त्यांच्या गाडीवर मी नव्हतो, माझी गाडी होती. सारसबागेपर्यंत आम्ही पुढेमागे चाललो आणि मग सिग्नलला ते मागे राहिले.

त्यानंतर रोज सकाळी फाट्यावर अण्णा दिसायचे. बसस्टॉपपाशी गाडीचा वेग कमी करून गळ्यात ओळखपत्र असलेलं कुणी दिसतंय का ते बघायचे. पण आता काळ बदलला होता. कॉलेजने तिकडूनही बस सुरू केली होती आणि नवी मुलंमुली मोबाईलवर रिक्षा नाहीतर बाईक बोलावत. अनोळखी काकांनी पुढे केलेलं हेल्मेट कोण घेणार? एका मुलीने तर "नको अंकल, बुक केलीये" म्हणून नंबर प्लेटचा फोटो काढला. हे त्यांनी मला हसत सांगितलं. दुसरं हेल्मेट मात्र हुकला लटकत रोज वाघोलीला जायचं आणि परत यायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला जे घडलं त्याला परोपकार म्हणतात. वर्कशॉपमध्ये दरवर्षी पूजा असायची. लेथ, ड्रिल, व्हाइस, सगळ्यांना अण्णा स्वतः हळदकुंकू लावायचे, झेंडूच्या माळा घालायचे, आणि मग पार्किंगमध्ये येऊन सगळ्यांच्या गाड्यांना. आम्ही कॉलेजमधल्या चौघांनी ठरवलं की अण्णांना काहीतरी द्यायचं. पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. काय द्यायचं हे मीच सुचवलं. इतका लांबचा प्रवास, पोटाशी ते ओझं, पंपावर ती उतरवाउतरव. मागची सीट रिकामीच असते. मागे बसवायचा चांगला कुलुपाचा डबा देऊ. सगळ्यांना पटलं. निवडायलाही मीच गेलो आणि मापात कमी पडू नये म्हणून सगळ्यात मोठा घेतला.

पूजा झाल्यावर डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "लई भारी हाय," म्हणाले. मग डब्यालाही कुंकवाचं बोट लावलं. दिलेली वस्तू वापरायची असते, अशी त्यांची शिस्त होती. तिथल्या तिथे गेटबाहेरच्या मेकॅनिककडे आम्ही गाडी घेऊन गेलो. गाडीच्या हँडलला झेंडूची माळ, आणि मेकॅनिक मागे वाकून माप घेत होता.

"अण्णा, गाडीचं कॅरिअर आखूड हाय," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या डब्याला खालची लोखंडी पट्टी पुढं सरकवून शिटावर घ्यावी लागंल. मागं कुनी बसतंय का?"

अण्णा गाडीचं हँडल धरून पुढे तोंड करून उभे होते. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी खांदा किंचित मागे झुकवला आणि ते थांबले.

मला ती जुनी गंमत आठवली. मला वाटलं, अण्णा चेष्टेत आहेत. मी हसत त्यांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

"न्हाई," अण्णा मेकॅनिकला म्हणाले. "कुनी न्हाई बसत. बसव."

चार नट आवळायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी तिसरी थाप मारू शकलो असतो. तीन म्हणजे थांबवा. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मेकॅनिक फडक्याला हात पुसत होता. डबा मागच्या सीटवर घट्ट बसला होता. अण्णांनी हुकवरचं दुसरं हेल्मेट काढलं, आतला रुमाल नीट केला आणि ते डब्यात ठेवलं. झाकण लागलं.

"मापात बसलं बघा," ते म्हणाले. मग टाकीवरची काळी बॅग सोडली, घडी केली आणि तीही हेल्मेटच्या शेजारी कोंबली. पहिल्यांदाच त्यांच्या पोटापुढची जागा मोकळी दिसली. ते गाडीवर बसले तेव्हा, इतक्या वर्षांच्या सवयीने, काहीतरी आहे असं समजून हात लांबवून हँडल धरलं.

मला फार वाईट वाटलं. पण त्याच वेळी बाकीचे टाळ्या वाजवत होते, आणि मीही वाजवल्या.

दिवाळीनंतर मला हिंजवडीच्या बाजूला नोकरी मिळाली. मी धायरी सोडली. मे महिन्यात अण्णा निवृत्त झाले तेव्हा माझी परीक्षेची ड्युटी होती म्हणून निरोपाला गेलो नाही. ड्युटी बदलून घेता आली असती. मग कळलं की ते फ्लॅटला कुलूप लावून बंगळूरला गेले. गाडी विकली. तिकडे नातवांना शाळेच्या बसपर्यंत सोडतात, संध्याकाळी बागेत जातात. तिथे त्यांचं बोलणं कुणाला कळतं की नाही कुणास ठाऊक. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. नाना पेठेतून टाकीवरची बॅग घेऊन आलो त्या दिवशी तो दोनदा काढला आणि दोनदा ठेवून दिला. काय सांगणार? माझ्या मागे आता बायको बसते, तुमचं खरं होतं, हे?

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीआधी, जानेवारीत. आई वाशिमहून खासगी बसने येणार होती, तिला आणायला मी सकाळी नव्या घराहून बायपासने येऊन सिंहगड रोडवरून स्वारगेटकडे चाललो होतो. थंडी कडक होती. दांडेकर पुलाच्या सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या आणि तीन-चार गाड्या सोडून पुढे मला तो काळा डबा दिसला. सगळ्यात मोठा, मीच निवडलेला. त्याच्या झाकणावर कुंकवाचा पुसट ठिपका होता.

अण्णा पाठमोरे होते. हाक मारणार, एवढ्यात त्यांचं हेल्मेट हलताना दिसलं. आधी वाटलं मान अवघडली असेल. मग एक हात हँडलवरून सुटला, हवेत फिरला, कुणाची तरी नक्कल केल्यासारखा, आणि पुन्हा हँडलवर गेला. ते बोलत होते. दांडेकर पुलाचा सिग्नल होता, म्हणजे आदल्या रात्रीच्या फोनचा सारांश चालू होता. नातवंडांचं काहीतरी असणार, कारण खांदे हसण्याने हलत होते.

मग त्यांनी काहीतरी विचारलं असावं. हेल्मेट स्थिर झालं. खांदा किंचित मागे झुकला, आणि ते थांबले.

मी तीन गाड्या मागे होतो. माझ्या मागच्या सीटवर बॅग होती. हॉर्न वाजवला असता तर त्यांनी वळून पाहिलं असतं. मी तोही वाजवला नाही, कारण वळून मला पाहिल्यावर त्यांना कळलं असतं की मी हे पाहिलंय.

सिग्नल सुटला. आजूबाजूच्या गाड्या निघाल्या, मागचे ओरडायला लागले. अण्णा क्षणभर तसेच थांबले. मग खांदा सरळ केला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.